कड्यावरचं न पाहिलेलं घरटं

त्या कड्यावर गिधाडाचं घरटं मी पाहिलं नव्हतं.

हे एक वाक्य लिहायला मला अठरा वर्षं लागली. मधल्या काळात मी पुष्कळ लिहिलं. दर रविवारी पेपरात सदर, शाळांच्या स्मरणिकांत लेख, वनखात्याला निवेदनं, ग्रामपंचायतींना अर्ज. शेकरूवर लिहिलं, हिरड्यावर लिहिलं, वणव्यावर तर इतकं लिहिलं की संपादक म्हणाले, "सर, आता जरा हिरवं काहीतरी येऊ द्या." पण लोक मला ज्या लेखामुळे ओळखायला लागले तो त्या घरट्यावरचा लेख. आणि ते घरटं नव्हतंच.

मी ओतूरला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. मूळ घर आळ्याचं; तिथली शेती थोरला भाऊ बघतो आणि मी तिकडे लक्ष देत नाही म्हणून वर्षातून दोनदा रीतसर भांडतो. रविवार आणि सुट्ट्या मी जुन्नर नि आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत काढल्या. आधी मला 'झाडवाले' म्हणायचे. त्या लेखानंतर 'गिधाडवाले सर' झालो. जुन्नरच्या स्टँडवर एक कंडक्टर मला बघितलं की ओरडायचा, "या गिधाडवाले, पुढं बसा. मागच्या शिटावर एका बाईच्या कोंबड्या हायेत, तुमचा भरवसा न्हाई." अख्खी बस हसायची. मीही हसायचो. तेवढं एक मला चांगलं जमायला लागलं होतं.

कडा जुन्नरच्या पश्चिमेला, एका लहान गावाच्या डोक्यावर आहे. गावाचं नाव इथे लिहीत नाही. माझ्यामुळे ते एकदा पेपरात येऊन गेलंय, तेवढं पुरे.

त्या गावात मध काढणारे एक गृहस्थ होते. मी त्यांना मामा म्हणायचो. उंचीने बुटके, हाताचे पंजे मात्र सुतारासारखे रुंद. चैत्र-वैशाखात त्या कड्याच्या पोटाला आग्या माशांची पोळी लागतात, एकेक सुपाएवढं. मामा उजाडताना दोराने खाली उतरत, ओल्या पाल्याचा धूर करत आणि पोळ्याचा मधाकडचा भाग तेवढा कापून डब्यात घेत. पिलांचा भाग तसाच ठेवायचा आणि दोन-तीन पोळ्यांना हातच लावायचा नाही, ही तिथली रीत. मी चार-पाच वर्षं त्यांच्याबरोबर कड्याच्या माथ्यावर जाऊन बसलो आहे.

दोर धरण्याचीही रीत होती. उतरणाऱ्याचा दोर त्याच्या मेव्हण्याच्या हातात द्यायचा, बायकोच्या भावाच्या. सख्ख्या भावाच्या हातात कधीही नाही. मी पहिल्यांदा कारण विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "भावाला वाटणीतलं वावर दिसतं, राव. मेव्हण्याला भनीचं कुकू दिसतं." त्यांचा मेव्हणा शेजारीच दोर झाडाला गुंडाळत बसला होता. तो म्हणाला, "भनीचं कुकू हाय म्हनून धरतोय, पावणं. न्हाईतर या मानसाला म्या कवाच सोडला असता."

आणि एक नियम होता. वरच्याला कडेखालचं काहीच दिसत नाही, म्हणून खाली गेलेल्याने जे दिसेल तेवढंच ओरडून सांगायचं. पाय टेकला तर टेकला. टेकल्यासारखा वाटला तर गप्प राहायचं. त्या आवाजावर वरचा माणूस दोर सोडतो किंवा आवळतो. मामा खालून ओरडत आणि मी वर बसून वहीत ते शब्द टिपून घेत असे. लेखासाठी चांगलं वाटायचं मला ते.

त्यानंतर खडीचा क्रशर येणार अशी बातमी आली. पायथ्याच्या पडीक जमिनीवर मशीन बसणार आणि कड्याच्या एका अंगाला सुरुंग लागणार. गाव हादरलं. खाली विहिरी होत्या, हिरड्याची झाडं होती. मी पुढे झालो. अर्ज केले, जुन्नरला कचेरीसमोर दोनदा बसलो, गावातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन आल्या. एका साहेबांनी आम्हाला आत बोलावून चहा दिला आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या भावना समजतात. पण कड्यावर असं काय आहे, जे दुसरीकडे नाही? ते कागदावर दाखवा." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागद मागणं त्यांचं कामच होतं.

एकदा मी त्या कड्यावरून एक गिधाड घिरट्या घालताना पाहिलं होतं. हे मात्र खरं. त्या वर्षांत आमच्याकडे गिधाड दिसणं म्हणजे लोकांना फोन करून सांगण्यासारखी गोष्ट झाली होती. आणि कड्याच्या वरच्या कपारीखाली पांढरे ओघळ होते, पक्षी बसत असल्याची खूण. मी ठरवलं, घरटं असणार. लागोपाठ तीन रविवार समोरच्या टेकडीवर जाऊन बसलो. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी पारवे. तिसऱ्या रविवारी धुरकट हवा आणि परत काही नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी वनखात्याचा पक्षी-नोंदीचा फॉर्म घेतला. पक्षी, ठिकाण, वेळ, संख्या, काय करताना दिसला. माझ्या हाताने मी लिहिलं, 'घरटे, एक.' घरटं लिहिलं की पुढचा रकाना मोकळा सोडता येईना. मग लिहिलं, 'पिल्लू, एक.' पेन अडखळलं वगैरे काही झालं नाही. अक्षर चांगलं आलं आहे.

पुढच्या रविवारी लेख गेला. त्यात त्या पिल्लाची बारीक मान होती, आई सावली धरून उभी होती, वारा होता. ती मान मी एका पुस्तकातल्या चित्रावरून घेतली होती. लोकांनी लेखाच्या झेरॉक्स काढल्या. आंबेगावातल्या एका शाळेने फळ्यावर उतरवला. क्रशर एकट्या माझ्या फॉर्ममुळे थांबला असं मी म्हणत नाही, पण फाइलमधला पहिला कागद तोच होता, आणि पुढचे कागद त्याचा हवाला देत आले. सहा-सात महिन्यांनी क्रशरचा अर्ज नामंजूर झाला.

गावाने मिरवणूक काढली. मला गुलालात बुडवलं. मामा नाचले.

त्या काळात मला अपराधी वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मी स्वतःला समजावलं होतं की गिधाडं कधीतरी तिथे घरटी करतच असणार. मी फक्त थोडं अलीकडे-पलीकडे केलं. एका कड्यासाठी एक पिल्लू. हा हिशेब मला बराच काळ पटत राहिला.

वर्षभराने पायथ्याला पाटी लागली. घरट्याचं क्षेत्र म्हणून कड्यावर दोर सोडायला, धूर करायला, मध काढायला मनाई. नियमाप्रमाणे तसंच व्हायला हवं होतं. खरंच घरटं असतं तर मीच तशी मागणी केली असती. मामा ओतूरला कॉलेजात मला शोधत आले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "सर, साहेबांना जरा सांगा की. आमी त्या कपारीला हातबी लावत न्हाई, तिच्या खाली पोळी आस्त्यात." मी म्हणालो, "बघतो." बघायला काय होतं? मी तोंड उघडलं असतं तर आधी घरट्याचंच बोलावं लागलं असतं. मी गेलो नाही.

त्यानंतरच्या वैशाखात मामा उतरले. पकडले गेले. केस झाली, दोर जप्त झाला. जुन्नरला तीन-चार खेपा झाल्या आणि समज देऊन सोडून दिलं. पुढे मामा नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या तोडणीला जायला लागले, बायकांच्या टोळीबरोबर.

याच्यानंतरचं खरं कारण मी कित्येक वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती केस झाली त्या आठवड्यात माझ्या सदराला विषय नव्हता. एका तरुण वाचकाचं पत्र आलं होतं: सर, घरट्याच्या कड्यावर चोरून मध काढतात म्हणे, तुम्ही गप्प का? मला भीती वाटली. मी गप्प राहिलो तर कुणाला तरी शंका येईल असं वाटलं. म्हणून लिहिलं. मामांचं नाव घेतलं नाही, गावाचंही नाही. पण एक वाक्य होतं, जे मला पाठ आहे: 'काही हावरट हात अजूनही परंपरेची ढाल पुढे करून निसर्गाची तिजोरी फोडत आहेत.' वाक्याला वाहवा मिळाली. एका व्याख्यानात ते मी परत वापरलं.

मामा त्याआधी दर उन्हाळ्यात आमच्या घरी मधाची एक बाटली द्यायचे. ती बंद झाली. स्टँडवर कुठे भेटले तर "रामराम सर" म्हणत आणि पुढे जात. मीही रामराम म्हणत असे.

अशी वर्षं गेली. मी रोपं लावली, त्यातली निम्मी चुकीच्या जागी, गवताळ माळावर, जिथे झाड नकोच होतं. वणवा अडवायला जाळरेषा काढल्या. उसात बिबट्याची पिल्लं सापडली की गर्दी हटवायला गेलो. घोडेगावच्या बाजूला दोन देवरायांची यादी केली, आणि ती यादी मात्र मी प्रत्येक झाडाला हात लावून केली. इतकी काटेकोर की बरोबरची मंडळी वैतागायची. "सर, आंबा आहे, लिहा ना. हात काय लावायचाय?" मी हात लावल्याशिवाय लिहीत नसे. त्यांना वाटायचं शिस्त आहे.

गेल्या माघात मामांची मुलगी कॉलेजच्या वाचनालयात आली. तिशीची असेल. काउंटरसमोर उभी राहून म्हणाली, "ओळखलं का, सर? तीन वर्षं तुमच्याकडं पुस्तकं बदलायला यायची मी. एक पुस्तक उशिरा दिलं म्हणून तुम्ही मला लई बोलला होता."

मी ओळखलं होतं. ती या कॉलेजात शिकत होती तेव्हाही ओळखत होतो, आणि तीन वर्षं तिच्याशी तारखेच्या शिक्क्यापलीकडे बोललो नव्हतो.

आता ती लग्न करून त्याच गावात राहते आणि गावाच्या वनहक्क समितीची सचिव आहे. डोंगरावरचा मध, हिरडा, पाला गावाने रीतीप्रमाणे काढावा आणि डोंगर गावाने राखावा, असा सामूहिक हक्काचा दावा त्यांनी केला होता. बाकी सगळं मार्गी लागत होतं. कड्यावर मात्र हरकत आली होती: तिथे गिधाडाच्या घरट्याची नोंद आहे. माझी.

तिने पिशवीतून एक कागद काढला. "मी मजकूर तयार करून आणलाय, सर. तुम्ही फक्त तुमच्या भाषेत करा. की घरटं होतं तेव्हाही आमची माणसं उतरायची, आणि पाखरांना काही त्रास नव्हता. तुम्ही लिहिलंत की हरकत निघून जाईल. साहेबच म्हणाले, सरांचं पत्र आणा."

तिने मला शिडी लावून दिली होती, न पडता उतरायला. एक खोटं होतं. त्याच्या शेजारी दुसरं, चांगल्या कामाचं, ठेवलं की झालं. माझं नाव राहील, तिचं काम होईल. मी तो कागद दोनदा वाचला. अक्षर सुरेख होतं.

मी म्हणालो, "दोन दिवस दे."

ती म्हणाली, "घ्या की. पण ग्रामसभा पुढच्या शुक्रवारी आहे. या वेळी हुकलं तर परत कधी, काय सांगता येत नाय. बाबांचं वय झालं आता."

घरी आलो. बायको भाकरी थापत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि सांगितलं. एकदम सांगितलं, तिची पाठ माझ्याकडे असताना. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"मला माहितीये," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"त्या तिसऱ्या रविवारी तुम्ही दुर्बीण घरीच विसरून गेला होता. त्या खुंटीला लटकत होती दिवसभर. संध्याकाळी येऊन म्हणालात, पिल्लू दिसलं. मानेवर लव होती म्हणालात." तिने भाकरी विस्तवाकडे सरकवली. "एवढ्या लांबून लव."

मला दुर्बिणीचं आठवतही नव्हतं. "मग बोलली का नाहीस?"

"सगळे एवढे खूश होते. आणि मला वाटलं, आज ना उद्या तुम्हीच सांगाल." ताट पुसत म्हणाली, "इतका उशीर कराल असं वाटलं नव्हतं. बसा जेवायला."

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. मामा अंगणात होते. बाळहिरडा वाळत घातला होता आणि ते उकिडवे बसून हाताने तो परतत होते. मुलगी पडवीत कागद लावत बसली होती. मी चपला काढून मामांसमोर बसलो.

"मामा, कड्यावरचं ते घरटं. गिधाडाचं. मी पाहिलंच नव्हतं."

त्यांचा हात थांबला नाही. "त्या कपारीत ससाणा ऱ्हातो," ते म्हणाले. "पांढरं वघळ त्याचंच. म्या त्या कपारीच्या बाजूनं उतरतोय ल्हानपणापासनं. मला ठावं नसंल व्हय?"

पडवीत कागदांचा आवाज थांबला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कुनाला बोलू? क्रशरवाल्याला?" ते जरासे हसले. "सर, तुमी खोटं बोलला त्ये आमच्यापायी बोलला. आमी मिरवणुकीत नाचलो की. माझ्या म्हातारीनं तर फुगडी घातली. त्याचं मला काय न्हाई."

मला हलकं वाटायला लागलं होतं. अठरा वर्षं ज्याला घाबरलो तो दगड त्यांनी असा बाजूला सरकवला. मी काहीतरी म्हणणार होतो, आभाराचं.

"पर त्ये हावरट लिवलं..." मामा म्हणाले आणि थांबले. हिरड्यातला एक खडा उचलून लांब फेकला. "मला वाचता येत न्हाई. ही नववीत व्हती. हिनं वाचून दावलं. मधीच थांबली. म्या म्हनलं वाच, सरांनी लिवलंय. तवा वाचलं हिनं."

मी मुलीकडे बघितलं नाही.

"म्या कवा सगळं पोळं काढलं? माशीला ठिवल्याबिगर कवा वर आलो? तुमी माथ्यावर बसून बघितलंय, सर. वहीत लिवत व्हता. त्ये बघितलेलं तुमी पेपरात लिवलं न्हाई."

एवढंच. आवाज चढला नाही. मी इतकी वर्षं चुकीच्या गोष्टीची लाज बाळगत आलो होतो, हे मला तिथे त्या अंगणात कळलं. घरट्याची लाज बाळगणं सोपं होतं. त्यात थोडी ऐटही होती, गावासाठी खोटं बोललो अशी. या दुसऱ्या गोष्टीत गावासाठी काहीच नव्हतं. ते मी फक्त स्वतःला वाचवायला केलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले. "चुकलं."

मुलगी पडवीतून खाली आली. तिच्या हातात तो मजकुराचा कागद होता. "मग हा नको तर."

"नको. मी ग्रामसभेत खरं सांगतो. दोन्ही."

"आन क्रशर परत आला तर?" मामांनी पहिल्यांदाच मान वर केली. "ह्यांचं घरटं ग्येलं की त्यो म्हनंल, आता हाय काय तिथं?"

उत्तर मुलीकडे होतं. ती म्हणाली, "बाबा, हक्क गावाचा झाला तर गावाला विचारल्याशिवाय तिथं कुणी सुतळी फटाका पण लावू शकणार नाय. पण हक्क व्हायला पायजे. आणि सरांचं पत्र खोटं निघालं कधी, तर सगळाच दावा खोट्यात जाईल." मग माझ्याकडे वळून, "मी तो मजकूर लिहिला तेव्हा मला ठाऊक नव्हतं, सर. मला खरंच वाटत होतं घरटं होतं. आमच्या शाळेतपण फळ्यावर होतं ते."

शुक्रवारी शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. खात्याकडून एक तरुण साहेब आले होते, माझे लेख वाचून या नोकरीत आलो असं त्यांनी मला चहाच्या वेळी सांगितलं. मी कागद वाचून दाखवला. मी घरटं पाहिलं नव्हतं. मामांना उतरताना पाहिलं होतं, आणि दरवेळी त्यांनी पोळी राखलेली पाहिली होती. त्यांच्याविषयी पेपरात लिहिलं ते खोटं होतं आणि ते मी जाणूनबुजून लिहिलं.

मग मागून एक म्हातारे उठले. "म्हंजी आमाला अठरा वर्सं यड्यात काढलं म्हना!"

"आरं, क्रशर गेला त्ये बघ की," दुसरा म्हणाला.

"आन मध गेला त्ये कोन बघनार? तुझा बाप?"

"बापाला मधी आनू नको!"

"आता ह्यांना म्हनायचं तरी काय? गिधाडबी ग्येलं." या बोलण्यावर दोन-चार जण हसले, बाकीच्यांनी त्यांना गप्प केलं. बायकांच्या बाजूने एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "उशिरा का हुईना, तोंड उघडलं ना? मग त्यांना बसू द्या. उभं किती ऱ्हातील." मी बसलो.

साहेब माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, हा जबाब फाइलला लागेल. तुमच्या बाकीच्या नोंदींवरही प्रश्न येतील. विचार करून द्या." मी सही केली. त्यांनी कागद घेतला, पण माझ्याकडे बघायचं टाळलं. मामा पुरुषांच्या ओळीत शेवटी बसले होते. सभा संपली तसे टोपी घालून निघाले.

पुढे जे व्हायचं ते झालं. संपादकांनी सदर थांबवलं, सभ्यपणे. दोन शाळांनी व्याख्यानं रद्द केली. या कामातला एक जुना सोबती फोनवर चिडून म्हणाला, "तुझं मन हलकं झालं रे, पण उद्या आमच्या प्रत्येक नोंदीवर बोट ठेवतील त्याचं काय?" त्याचं बरोबर आहे. माझ्या देवरायांच्या यादीवर आताच कुणीतरी शंका घेतली आहे. मी परत जाऊन झाडं दाखवून आलो. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन.

कड्याची पाहणी झाली. खात्याची माणसं आणि गावातली माणसं मिळून समोरच्या टेकडीवर दोन दिवस बसली. मला बोलावलं नव्हतं. हरकत मागे घेण्यात आली. दाव्याचा अंतिम निकाल अजून जिल्ह्यावरून यायचा आहे, पण या वैशाखापुरती गावाला मध काढायची परवानगी मिळाली. मामांच्याने आता उतरवत नाही. जावई उतरणार होता. म्हणजे दोर धरायला मामांचा मुलगा हवा, आणि तो चाकणला कंपनीत. त्याला रजा मिळेना. मुलीने फोनवर सांगितलं, "सर, सरकारची परवानगी मिळाली, पण दादाच्या सुपरवायझरची मिळंना." दोन आठवडे पोळी भरून लटकत राहिली आणि गाव एका माणसाच्या सुट्टीची वाट बघत बसलं. दुसऱ्या कुणाच्या हातात दोर द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

शेवटी एका रविवारी तो आला. मला त्या दिवशी बोलावतील असं मला वाटलं नव्हतं, तरी मी पहाटेच उठून बसलो होतो. सकाळ गेली. बायको आळ्याला माझ्या थोरल्या भावाकडे गेली होती. दहाच्या सुमाराला फोन वाजला.

"झालं, सर," मुलगी म्हणाली. वाऱ्याचा आवाज येत होता, माणसं मोठमोठ्याने बोलत होती, कुणीतरी माशी चावली म्हणून शिव्या देत होतं. "हे उतरले आणि वर पण आले. दादाच्या हाताची सालं निघालीत, त्याला सवय कुठंय. सगळं बरोबर झालं."

"आणि मामा?"

"बसलेत कडेला. कुणाशी बोलत नायत. थांबा, देते."

फोन हातातून हातात गेल्याचं कळलं. मग नुसता वारा. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. माझ्याकडे बोलण्यासारखं जे होतं ते मी ग्रामसभेत वाचून दाखवलं होतं.

"जेवला का, सर?" मामांनी विचारलं.

"नाही अजून."

"मग जेवा," ते म्हणाले, आणि फोन मुलीकडे दिला.